वाचकांचे प्रश्न : सर्व्हर ठीक, मग अक्षर उशिरा का उमटतं?

प्रश्न : आमच्या करसल्लागार कार्यालयात २२ जण भाड्याच्या एकाच व्हर्च्युअल सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉपने काम करतात. अकरानंतर टाइप केलेलं अक्षर रेंगाळत उमटतं. टास्क मॅनेजर सीपीयू ४० टक्केच दाखवतो, रविवारी बेंचमार्कही (वेग मोजणारी चाचणी) उत्तम आला. पुरवठादार म्हणतो सर्व्हर ठीक आहे. मोजायचं तरी काय?
– एक वाचक, नारायण पेठ, पुणे

उत्तर : रविवारचा आकडा बाजूला ठेवा, तो रिकाम्या सर्व्हरचा आहे. जीएसटीआर-३बी या मासिक जीएसटी विवरणपत्राची २० तारीख जवळ आली की १८ ते २० दिवसभर मोजा.

विंडोज सर्व्हर २०१९ पासून परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये (विंडोजचंच मोजणीचं साधन) ‘युजर इनपुट डिले पर सेशन’ हा काउंटर मिळतो. कळ दाबल्यापासून प्रोग्रॅमने ती उचलेपर्यंत किती मिलिसेकंद गेले, हे तो प्रत्येकाच्या सेशनचं वेगळं सांगतो. तुमचा त्रास नेमका हाच आहे. एका सेकंदातला सर्वांत मोठा विलंब तो दाखवतो, म्हणून सॅम्पल इंटरव्हल (दोन नोंदींमधलं अंतर) १५ सेकंदांवरून १ वर आणा. ‘ऑल इन्स्टन्सेस’ निवडा आणि लॉग (नोंदींची फाइल) बायनरीच ठेवा; सीएसव्हीचे (एक्सेलमध्ये उघडणारी साध्या मजकुराची फाइल) रकाने सुरुवातीलाच ठरतात, त्यामुळे उशिरा लॉगिन करणारे सुटतात. सीएसव्ही नंतर ‘रीलॉग’ कमांडने करता येते. सरासरी काढू नका, अडकलेले क्षण तिच्यात बुडून जातात. प्रत्येक सेशनचा तासागणिक ९५वा पर्सेंटाइल काढा, म्हणजे शंभरातल्या ९५ नोंदी ज्याच्या आत येतात तो आकडा.

आता ते ४० टक्के. आठ कोअरपैकी (सीपीयूचे स्वतंत्रपणे काम करणारे भाग) एकच पूर्ण गुंतला, तर टास्क मॅनेजर साडेबारा टक्केच दाखवतो, आणि एकाच कोअरवर चालणारा प्रोग्रॅम तिथेच अडतो. दुसरं कारण आतून दिसतच नाही : खालच्या खऱ्या यंत्रावर इतरांचीही व्हर्च्युअल यंत्रं असतील, तर तुमचं यंत्र कोअरसाठी रांगेत थांबतं. पुरवठादाराकडे व्हीएमवेअर (व्हर्च्युअल यंत्रं चालवणारं सॉफ्टवेअर) असेल तर त्या तीन दिवसांचा ‘सीपीयू रेडी’, म्हणजे या रांगेत गेलेला वेळ, लेखी मागा. २० सेकंदांच्या नमुन्यात १,००० मिलिसेकंद म्हणजे ५ टक्के. आकडा सगळ्या कोअरची बेरीज असेल तर कोअरच्या संख्येने भागा. कोअरमागे १० टक्क्यांवर गेला तर गर्दी खालच्या यंत्रावर आहे. अशा वेळी आणखी कोअर विकत घेऊ नका, रांग वाढूही शकते.

डिस्कसाठी ‘ॲव्हरेज डिस्क सेकंद पर रीड’ बघा. एकक सेकंद आहे : ०.०२० म्हणजे २० मिलिसेकंद. सतत त्यावर राहिला तर डिस्क मंद आहे.

इनपुट डिलेमध्ये नेटवर्क धरलेलं नसतं. त्यासाठी मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ घ्या, कीबोर्ड आणि पडदा दोन्ही चौकटीत हवेत. कळ खाली गेल्यापासून अक्षर उमटेपर्यंतच्या फ्रेम मोजा. २४ फ्रेम म्हणजे १०० मिलिसेकंद. सकाळी नऊला पंधरा वेळा, दुपारी बाराला पंधरा वेळा. व्हिडिओतला विलंब वाढला आणि इनपुट डिले मात्र होता तिथेच राहिला, तर ‘रिमोटएफएक्स नेटवर्क’ या काउंटरच्या गटातला ‘करंट टीसीपी आरटीटी’, म्हणजे नेटवर्कवरून जाऊन परत यायला लागणारा वेळ, तपासा.

प्रश्न : कंपनीच्या सामायिक व्हर्च्युअल डेस्कटॉपवर मी स्वतः बेंचमार्क चालवू का?
– एक वाचक, बाणेर, पुणे

उत्तर : नको. तो सगळे कोअर ओढतो आणि तेवढा वेळ सहकाऱ्यांचं काम अडतं. रोजची तीच एक्सेल फाइल उघडायला किती सेकंद लागतात, ते दिवसातून चार वेळा वेळेसह लिहून ठेवा. आयटी विभागाला त्याच वेळेचे सर्व्हरचे लॉग काढता येतील.