ड्रमसेटवरची क्रॅश सिंबल (जोरात मारून दणका द्यायची धातूची थाळी) काठाला तडकते आहे. स्टँडवर ती नेमकी कशी लावावी?

तुमची १६ इंची क्रॅश वर्षभरात काठाला तडकली आणि दुकानदार म्हणतो मालच हलका होता. असेलही. पण नवी घेण्याआधी स्टँडवरचा विंगनट (बोटांनी फिरवायचा, पंख असलेला नट) बघा. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांच्या सेटवर बहुतेक वेळा तोच करकचून आवळलेला असतो, का तर म्हणे सिंबल हलते. अहो, हलायलाच हवी ती! मार बसला की झुलून तो जिरवायचा असतो. जखडलीत तर सगळा ताण काठावर आणि मधल्या भोकापाशी येतो, शिवाय आवाज आखडतो तो वेगळाच.

खाली वॉशर, रॉडवर प्लास्टिकची नळी, मग फेल्ट (नमद्याची मऊ चकती), सिंबल, पुन्हा फेल्ट आणि वर नट. काठावर बोटाने दाबलं की सिंबल सहज झुकून झुलत परत यावी, इतपतच नट फिरवा. ती नळी हरवली असेल तर आजच आणा. अगदी किरकोळ वस्तू आहे. ती नसेल तर भोक रॉडच्या आट्यांवर घासून लांबट होत जातं आणि चीर तिथूनही सुरू होते. मिरवणुकीत टेम्पोवर वाजवत असाल तर धक्क्यांनी नट निघायची भीती असते, मान्य. तिथे वर दुसरा नट चढवून दोन्ही एकमेकांवर आवळा, चेकनटसारखे. सिंबल मोकळीच राहते.

आता कोन. क्रॅश उंच आणि सपाट लावली की काठी थेट धारेवर आदळते. तुमचा तडा बहुधा त्याचाच. किंचित आपल्याकडे झुकवा आणि इतकी खाली घ्या की मारताना कोपर खांद्याच्या वर जाणार नाही. काठीचा जाड भाग निसटता लागावा, हात बाजूला निघून जावा. फार उभी मात्र करू नका, झुलायला जागा उरत नाही.

राइड (ताल धरायची मोठी सिंबल) जड असते, म्हणून बूमचा, म्हणजे स्टँडच्या तिरक्या हाताचा, दांडा स्टँडच्या एका पायाच्या बरोबर वर येऊ द्या, नाहीतर स्टँड कलंडतो. वर एकच टॉम (बेस ड्रमच्या वर बसवायचा छोटा ड्रम) ठेवत असाल तर दुसऱ्याच्या जागी राइड खाली आणून बघा, बेलपर्यंत (सिंबलच्या मधल्या उंचवट्यापर्यंत) हात आपसूक पोचतो. हाय-हॅटच्या (पायाने मिटणाऱ्या सिंबलच्या जोडीच्या) खालच्या सिंबलखाली छोटा स्क्रू असतो; त्याने ती जराशी तिरकी केली की मधे हवा कोंडत नाही आणि पायाचा ‘चिक्’ स्वच्छ येतो.

तडकलेली क्रॅश टाकून देऊ नका. तडा जिथे संपतो तिथे बारीक भोक पाडून घेतलं तर तो पुढे सरकायला बराच वेळ लागतो, तेवढ्यात सरावाला ती पुरेल.