पास झेलणाऱ्या रनिंग बॅकचं मोल किती?

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझा मसुदा मन लावून वाचला. तुझ्या ऑफिसकडे आलेल्या अमेरिकन फुटबॉलमधल्या त्या रनिंग बॅकसाठी, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूसाठी, तू आकडा कसा काढलास, ते पहिल्याच पानावर कळतं. चांगल्या धावणाऱ्याचा पगार घेतलास, त्यात संघातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या रिसीव्हरचा, म्हणजे पुढे पळून पास झेलणं हेच ज्याचं काम त्याचा, पगार मिळवलास आणि 'हा दोघांचं काम एकटा करतो' असं म्हणून ती बेरीज क्लबपुढे ठेवायचं ठरवलंस. राबणाऱ्या माणसाच्या बाजूने विचार करणाऱ्या कुणालाही ही बेरीज पटेल. पण वाटाघाटीच्या टेबलावर ती पाच मिनिटंही तग धरणार नाही, आणि का धरणार नाही हे तुला तिथे जाण्याआधी कळायला हवं.

हीच मागणी पिट्सबर्ग स्टीलर्सच्या लेव्हिऑन बेलने केली होती. २०१७ च्या हंगामात त्याने १,२९१ यार्ड धावून काढले आणि शिवाय ८५ पास झेलले. त्याचं म्हणणं असं की मला रनिंग बॅक म्हणूनही मोजा आणि दुसरा रिसीव्हर म्हणूनही. आता त्याच संघाचा, त्याच वर्षीचा दुसरा रिसीव्हर बघ. जुजू स्मिथ-शूस्टर, नवखा पोरगा, झेल फक्त ५८. पण बेलच्या ८५ झेलांतून निघाले ६५५ यार्ड आणि या पोराच्या ५८ झेलांतून ९१७. एका झेलामागे बेलचे पावणेआठच्या आसपास, याचे पावणेसोळाच्या वर. क्लबचा माणूस हा एक कागद टेबलावर सरकवतो आणि तुझी बेरीज तिथेच संपते.

पुढचं तुला माहीत असेलच. २०१८ मध्ये क्लबने बेलला फ्रँचायझी टॅग लावला, म्हणजे एका वर्षाचा ठरलेला पगार, सुमारे १ कोटी ४५ लाख डॉलर. तो नाकारून बेल अख्खा हंगाम घरी बसला. त्याच्या जागी जेम्स कॉनर आला, ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीच्या, तिसऱ्या फेरीत घेतलेला, नवख्याच्या करारावरचा. त्याने १३ सामन्यांत ९७३ यार्ड काढले आणि ५५ पासही झेलले. बेलला पुढच्या वर्षी न्यूयॉर्क जेट्सने चार वर्षांचे ५ कोटी २५ लाख देऊ केले खरे, पण २०२० च्या ऑक्टोबरात त्यांनीही त्याला सोडून दिलं. बेल हट्टी होता असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. त्याचा राग रास्त होता. हिशेबाची मांडणी तेवढी चुकली होती.

चूक कुठे, ते मैदानावर उभं राहून बघ. खेळी सुरू होताना चेंडू जिथे असतो त्या रेषेवरून रिसीव्हर निघतो आणि पुढे पळतो. रनिंग बॅक रेषेच्या पाच-सहा यार्ड मागून निघतो. त्याला येणारे कितीतरी पास रेषेच्या मागेच हातात पडतात, आणि पुष्कळदा क्वार्टरबॅकला, म्हणजे पास टाकणाऱ्याला, दुसरं कुणी मोकळं दिसत नाही म्हणूनच चेंडू त्याच्याकडे येतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड काढायचे असतात. तिसऱ्या प्रयत्नाला आठ हवे असताना त्याने पास झेलून पाच काढले, तर त्याच्या नावावर एक झेल जमा होतो आणि संघाला चेंडू लाथेने पलीकडे धाडून द्यावा लागतो. असे झेल कितीही जमले तरी त्यांना पैसे मागू नकोस. तुझ्या मसुद्यात एकूण झेलांचा तक्ता आहे, आणि त्यातले कोणते असे पोकळ होते ते कुठेच वेगळं केलेलं नाही. समोरचा माणूस ते करून आलेला असणार.

मग हा खेळाडू जास्त पैशांना पात्र आहे का? आहे, आणि ठामपणे आहे. फक्त तुला त्याचं मोल झेलांच्या संख्येत शोधायचं नाही.

क्रिश्चन मॅकॅफ्रीचं उदाहरण घे. २०१९ मध्ये कॅरोलायना पँथर्सकडून त्याने १,३८७ यार्ड धावून काढले आणि ११६ झेलांत १,००५. दोन्हीकडे हजाराच्या वर जाणारे त्याच्याआधी दोघेच होते: १९८५ साली रॉजर क्रेग आणि १९९९ साली मार्शल फॉक. पण ही विक्रमांची गोष्ट बाजूला ठेव. असा माणूस मैदानात असला की बचावाचं काय होतं ते बघ. आक्रमणाचे अकरा तेच राहतात आणि बचावाच्या प्रशिक्षकाला एक निवड करावीच लागते. त्याच्यावर लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या मधल्या फळीतला धिप्पाड गडी, ठेवला, तर मॅकॅफ्री आधी बाहेरच्या बाजूला दोन पावलं टाकतो, लाइनबॅकरचा भार त्या पायावर गेला की झटकन आत कापतो, आणि क्वार्टरबॅक त्या रिकाम्या पट्ट्यात चेंडू सोडतो. लाइनबॅकर काढून चपळ पण हलका बचावपटू आणला, तर पुढच्याच खेळीत चेंडू हातात घेऊन त्या हलक्या माणसाच्या अंगावरून धाव. आक्रमणाने माणसं बदलली नाहीत आणि घाईने पुढची खेळी सुरू केली, तर बचावालाही माणसं बदलायला सवड मिळत नाही. तू पुण्यात क्रिकेट बघत वाढलास, म्हणून एवढंच सांगतो: ऑलराउंडरला बॅट्समन आणि बॉलर असे दोन पगार कुणी देत नाही, त्याच्यामुळे अकरांत एक जागा सुटते तिचे पैसे देतात. तुझ्या खेळाडूमुळे सुटणारी जागा कोणती, हे तुला दाखवता आलं पाहिजे.

त्यासाठी दोन गोष्टी वेगळ्या काढ. पहिली, तो रिसीव्हरच्या जागी, बाहेर किंवा स्लॉटमध्ये (बाहेरच्या रिसीव्हरच्या आतल्या बाजूला) किती वेळा उभा राहिला आणि तिथून पळताना त्याने लाइनबॅकरला किती वेळा मागे टाकलं. दुसरी गोष्ट कुठल्याही चौकटीत छापली जात नाही, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त पैसा तिच्यातच आहे. ती म्हणजे ब्लिट्झ, क्वार्टरबॅकवर चालून येणारा जादा बचावपटू, अडवणं.

तिसरा प्रयत्न, सात यार्ड हवेत. लाइनबॅकर मधल्या फटीशी येऊन उभा राहतो. येईल की नाही हे कुणाला ठाऊक नाही. स्नॅप होतो, म्हणजे चेंडू मागे क्वार्टरबॅककडे जातो, आणि तो येतो. रनिंग बॅकला डावीकडून उजवीकडे, क्वार्टरबॅकच्या तोंडासमोरून जाऊन, स्वतःपेक्षा वजनाने बऱ्याच जास्त माणसाच्या छातीत खांदा घालायचा असतो. उशीर झाला तर क्वार्टरबॅक जमिनीवर, आणि क्लबचे वर्षाचे पाच-पाच कोटी डॉलर त्याच्यासोबत. धडक झाल्यावर काम संपत नाही. त्याला सुटून बाजूला सरकायचं असतं, कारण बाकी सगळे अडकले तर चेंडू त्याच्याकडेच येणार. हे ज्याला जमत नाही, त्याचे हात कितीही मऊ असले तरी तिसऱ्या प्रयत्नाला त्याला बाकावर बसवतात. ज्याला जमतं तो तिन्ही प्रयत्नांत मैदानात राहतो, आणि तो बाहेर गेला की आता काय होणार याचा अंदाज बचावाला येतो, ती अडचणही उरत नाही. न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या जेम्स व्हाइटने ५१ व्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, १४ पास झेलून ११० यार्ड काढले आणि एकट्याने २० गुण केले. २८–३ ने मागे पडलेला संघ ३४–२८ ने जिंकला. लोकांना ते झेल आठवतात. प्रशिक्षकांनी त्याला इतकी वर्षं मैदानात ठेवलं ते मात्र ब्लिट्झसमोर निर्धास्तपणे उभं करता येतं म्हणूनही.

आता आकड्यांवर येऊ. डॉलरमध्ये बोलायचं सोड, सॅलरी कॅपच्या, म्हणजे संघाला वर्षाच्या पगारांवर खर्च करता येतो त्या कमाल रकमेच्या, टक्क्यांत बोल. कॅप दरवर्षी बदलतो, त्यामुळे जुना करार आणि नवा करार डॉलरमध्ये शेजारी ठेवले की दिशाभूल होते. रनिंग बॅक टॉड गर्लीचा २०१८ चा करार वर्षाच्या सरासरीने त्या वेळच्या कॅपच्या ८ टक्क्यांच्या आसपास होता. २०१९ मध्ये एझिकिएल एलियट, वर्षाला दीड कोटी, पुन्हा ८. २०२० मध्ये मॅकॅफ्री, वर्षाला १ कोटी ६० लाख, पुन्हा ८. २०२४ मध्ये मॅकॅफ्रीला वर्षाला १ कोटी ९० लाख मिळाले तेव्हा विक्रम म्हणून बातम्या आल्या, पण टक्क्यांत ते साडेसातलाही पोचत नाहीत. २०२५ मध्ये सेक्वॉन बार्कलीने वर्षाला २ कोटींची रेषा ओलांडली, तेही तेवढेच. त्याच महिन्यात रिसीव्हर जमार चेसला १४ टक्क्यांच्या वर मिळाले. आणि बार्कलीचा तो पगार ज्या हंगामाच्या जोरावर आला, त्यात त्याचे झेल किती? ३३. नवखा असताना २०१८ मध्ये त्याने ९१ झेलले होते. बाजाराने पैसे मोजले ते २,००५ यार्ड धावण्याला.

दुसऱ्या टोकाला ऑस्टिन एकलर. ड्राफ्टमध्ये कुणीही न घेतलेला. २०१९ मध्ये ९२ झेल आणि ९९३ यार्ड, म्हणजे एका झेलामागे जवळजवळ ११. हे पोकळ झेल नव्हेत. त्याला २०२० मध्ये चार वर्षांचे २ कोटी ४५ लाख मिळाले. कॅपच्या अवघ्या ३ टक्क्यांवर. २०२१ आणि २०२२ च्या हंगामांत त्याने २० आणि १८ टचडाउन केले, म्हणजे तितक्या वेळा चेंडू शेवटच्या पट्ट्यात पोचवला. हा करार मला आजही खटकतो. माझ्या मते त्याचं मोल त्या वेळी ५ टक्के होतं.

तुझा खेळाडू मॅकॅफ्री नाही, हे तुला कबूल करावं लागेल. तो एकलरच्या जातीचा आहे. म्हणून मी म्हणेन, ५ टक्के माग. २०२५ च्या २७ कोटी ९२ लाखांच्या कॅपवर ते वर्षाला सुमारे १ कोटी ४० लाख होतात. साडेचारवर सही करायला हरकत नाही, चारच्या खाली उतरू नकोस. तुझ्या मसुद्यातला आकडा साडेनऊ टक्क्यांच्या घरात जातो, आणि तो पाहून समोरचा माणूस पुढचं पान उलटणार नाही.

टॅगच्या बाबतीत मात्र क्लबचं म्हणणं मुकाट्याने ऐकून घेऊ नकोस. टॅगचा आकडा खेळाडूच्या जागेवरून ठरतो: गेल्या वर्षी तो सर्वांत जास्त खेळींत ज्या जागी उभा राहिला ती जागा. २०१४ मध्ये टाइट एंड (अडवणं आणि झेलणं दोन्ही करणारा) जिमी ग्रॅहमने दाद मागितली होती की मी बहुतेक वेळा रिसीव्हरसारखा बाहेर उभा राहतो, मला रिसीव्हर धरा. फरक साधारण ७० लाख आणि १ कोटी २३ लाखांचा होता. लवादाने त्याला टाइट एंडच ठरवलं. तुझा खेळाडू निम्म्याहून जास्त खेळींत क्वार्टरबॅकच्या शेजारीच उभा असतो, तेव्हा त्या वाटेने जाण्यात अर्थ नाही. पण हे शेजारी मांडून दाखव: २०१४ मध्ये रनिंग बॅकचा टॅग सुमारे ९५ लाख होता आणि २०२३ मध्ये १ कोटी १ लाखाच्या आत. त्याच काळात रिसीव्हरचा १ कोटी २३ लाखांवरून १ कोटी ९७ लाखांवर गेला, आणि कॅप १३ कोटी ३० लाखांवरून २२ कोटी ४८ लाखांवर. खेळाचा पैसा वाढत गेला आणि सर्वांत जास्त मार खाणाऱ्या माणसाचा वाटा आहे तिथेच राहिला. हे अन्यायाचं आहे आणि ते तसं म्हणायला तू कचरू नकोस.

आणि मार खाणं म्हटलं की हमीचा प्रश्न येतोच. मॅकॅफ्रीने २०२० मध्ये मोठी सही केली आणि पुढच्या दोन हंगामांतल्या ३३ पैकी १० सामने खेळला. हमी नसती तर त्याची काय गत झाली असती? नवख्याच्या करारात ड्राफ्टमधून आलेल्याला पहिले तीन हंगाम फेरवाटाघाटच करता येत नाही, म्हणजे पाय सर्वांत ताजे असतात ती वर्षं स्वस्तात जातात. त्यामुळे एकूण रकमेच्या मथळ्याला भुलू नकोस. रनिंग बॅक अल्विन कमाराचा २०२० चा करार पाच वर्षांचा, साडेसात कोटींचा म्हणून गाजला. त्यातलं शेवटचं वर्ष हमी नसलेल्या पगाराने फुगवलेलं होतं, आणि ते उजाडण्याआधी, २०२४ मध्ये, करार नव्याने लिहिला गेला. तुला हवीत तीन वर्षं, त्यातली पहिली दोन सही करतानाच पूर्ण हमीची, दुखापत झाली तरी. त्यासाठी वार्षिक आकड्यात दहा लाख सोडावे लागले तरी सोड.

क्लब तुला झेलांवर बोनस देऊ करेल. 'इतके झेलले की इतके लाख.' ऐकायला ते तुझ्याच मुद्द्यासारखं वाटेल. पण पास कुणाकडे टाकायचा हे तुझ्या खेळाडूच्या हातात नाही. नवा प्रशिक्षक आला, खेळण्याची पद्धत बदलली, की तो बोनस कागदावरच राहील. बोनस घ्यायचाच तर तो मैदानात घालवलेल्या खेळींच्या प्रमाणावर घे. ब्लिट्झ अडवणाऱ्याला निदान त्याचं काही मिळेल.

मसुदा पुन्हा लिही, पण त्याआधी गेल्या हंगामातल्या त्याच्या तिसऱ्या प्रयत्नांच्या सगळ्या चित्रफिती वेगळ्या काढ. ज्यांत चेंडू त्याच्याकडे आलाच नाही, त्या आधी बघ आणि मला त्याच आधी पाठव.

तुझा,
काका