नोड-रेडमध्ये (ठोकळे म्हणजे ‘नोड’ जोडून काम ठरवायचं सॉफ्टवेअर) केळीच्या वजनकाट्याच्या नोंदी संध्याकाळपर्यंत रोखून कशा धरायच्या?
रावेरच्या काट्यावरून दिवसभर येणाऱ्या नोंदी संध्याकाळी ७ वाजता एकदम सोडायच्या असतील, तर मध्ये डिले नोड (मेसेज अडवून ठेवणारा) टाका, प्रत्येक मेसेजला, म्हणजे नोंदीला, २४ तासांचा उशीर द्या आणि ७ वाजता इंजेक्ट नोडमधून (ठरल्या वेळी मेसेज पाठवणारा) डिले नोडला एमएसजी.फ्लश = ट्रू, म्हणजे ‘अडवलेलं सगळं सोड’, असं पाठवा. हे त्या नोडच्या मदतीतच लिहिलंय. ट्रूऐवजी १० दिलं, तर १० नोंदीच सुटतात. इंजेक्टमधले पेलोड (मजकूर) आणि टॉपिक (विषय) हे आधीपासूनचे रकाने मात्र आठवणीने काढा, फक्त फ्लश ठेवा. नाहीतर तो मेसेजही नोंद म्हणून पुढे जातो, आणि यादीत एक रिकामी ओळ दिसते. एकच अडचण: अडवलेल्या नोंदी मेमरीत असतात. लाईट गेली की सगळं गेलं, म्हणून प्रत्येक नोंद आधी फाईलमध्ये लिहून घ्याच.