खिशातल्या चाकूची मूठ कशाची करावी

प्रिय पोरा,

तुझं घडीच्या चाकूचं स्केच पाहिलं. पातं झकास काढलंस, एकदम सिनेमातल्यासारखं, पण मुठीच्या जागी नुस्तं एक लांबट अंडं काढून आत "लाकूड?" लिहून मोकळा झालास. इथंच गडबड हाये बाप्पा. फोल्डिंग चाकूत मूठ म्हणजे शोभेची वस्तू नाही, पातं मुठीतच फिरते, मुठीतच लपते, अन् मागची कमानी पट्टी त्याच्यावर दाब ठेवते तेही मुठीतच. म्हणून मूठ आधी ठरव, पातं मग.

अन् त्याच्याही आधी हे ठरव की चाकू वापरणार कोण. वरुड-शेंदूरजना घाटाकडचा नर्सरीवाला जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरते, म्हणजे कलम करते, त्याला एकाच बाजूनं घासलेलं सरळ बारीक पातं लागते अन् साल उचलायला मागं एक बोथट जीभ. तुझ्या बाबाला ते काही कामाचं नाही, त्यांना सुतळी कापायची, युरियाच्या पोत्याचं तोंड उघडायचं, ठिबकची नळी कापायची, मधातच वावरात बसून कांदा चिरायचा. त्याले ७ सेंमीचं पातं बास झालं, मूठ साडेनऊ ते दहा. तू १२ सेंमी कायले काढलंस? खिशात टोचते अन् पोलिसानं विचारलं तर उत्तर देत बसावं लागते. बटण दाबून खटकन उघडणारा तर करूच नको, ते शेतकऱ्याचं अवजार नाही.

आता मूठ. फ्रान्सचा ओपिनेल तू नेटवर पाहिलाच असशील, १८९० पासूनचा, बीचच्या लाकडाची अखंड मूठ, त्यात एक चीर, बस. १९५५ ला त्याच्यावर पातं अडकवायची फिरती कडी आली. इतका साधा चाकू दुसरा नाही, मला मनापासून आवडते. पण लाकूड ओलं झालं की फुगते अन् पातं आत आवळून बसते, ही त्याची जुनी तक्रार. आपल्याकडं तर पाहूच नको, मे महिन्यात अकोला-चंद्रपूर ४५ च्या वर जाते, लाकूड आकसते, रिव्हेट ढिला होते, अन् तेच लाकूड ऑगस्टच्या झडीत फुगून पातं जाम करते. तेव्हा आपल्याला असा माल पाहिजे जो मे अन् ऑगस्टमध्ये सारखाच राहते. दिसायला कसा हाये ते नंतर पाहू.

निम्मा इलाज तर डिझाइनमध्येच हाये. दोन्ही बाजूनं १ मिमीचा पितळी पत्रा घे, पातं अन् कमानी त्या पत्र्यांच्या मधात बसव, मुठीचा माल बाहेरून नुस्ता चढवायचा. मग लाकूड थोडंफार हललं तरी सांध्याले फरक पडत नाही.

लाकडाचं म्हणशील तर सगळे आधी साग म्हणतात, आलापल्लीचा साग म्हणजे काय विचारता! साग कमी हलते हे खरं, पण ३ मिमीची पातळ पट्टी काढली की रिव्हेटपाशी चिरते, कडा झडतात. शिवाय तेलकट असते, चिकटवायच्या आधी थिनरनं पुसावं लागते. धावडा अन् बाभूळ कुऱ्हाडीच्या दांड्याले एक नंबर, पण धावडा वाळताना तडकते. लाकूडच लावायचं असंल तर शिसव लाव, तेही जुन्या पलंगाच्या मोडक्या पायाचं, पाहिजे तेवढं वाळून झालेलं असते. म्हशीच्या शिंगाले पॉलिश सुंदर येते, पण ते दमट हवेत वाकते अन् त्याले किडे लागतात. अन् जंगलात सांबराचं गळलेलं शिंग सापडलं तर हातही लावू नको, १९७२ चा वन्यजीव कायदा हाये, "पडलेलंच तर होतं" म्हणून सुटका होत नाही.

माझं मत विचारशील तर हायलम. मोटर वाइंडिंगवाल्याकडं ती तपकिरी शीट असते पाय, कापडाचे थर रेझिनमध्ये दाबून केलेली, त्याच्यातली कॉटनवाली माग, कागदवाली नको, ती कडेला सुटते. परदेशात चाकूवाले ज्याले मायकार्टा म्हणून मिरवतात ते याच जातीचं. फुगत नाही, घामानं सडत नाही, अन् बारीक घासून सोडलं तर ओल्या हातातही पकड देते, म्हणून त्याले आरशासारखी चमक आणायच्या नादी लागू नको. घरीही जमते, जुन्या जीन्सचे तुकडे इपॉक्सीत भिजवून दोन फळ्यांमधात शिकंज्यात आवळायचे. फक्त घासताना मास्क लाव, ती धूळ फेफड्यात गेली तर वाईट.

लॉकचा नाद पहिल्या चाकूत सोड. लायनर लॉक, म्हणजे मुठीतल्या पत्र्याचीच जीभ पात्यामागं अडकते तो, छान असते पण त्याचा कोन जरासा चुकला तरी पातं बोटावर मिटते. साधी कमानी कर, पातं कमानीच्या ताणानं उघडं राहीन अशी. आधी पातं अन् कमानी पुठ्ठ्याची कापून टाचणीवर फिरवून पाय, उघडं, अर्धं, बंद, तिन्ही ठिकाणी कमानीची पाठ मुठीच्या पाठीशी सपाट आली पाहिजे. पात्याच्या बुडाशी एक छोटा उंचवटा ठेव, बंद करताना तो कमानीवर टेकला पाहिजे, धार नाही, नाहीतर रोज बंद करता करता धार मरते.

पात्याले ईएन३१ घे, बेअरिंगचं स्टील, तापवून तेलातच बुडव, पाण्यात टाकलं तर तडकते, मग २०० डिग्रीवर परत तापव. कमानीले मात्र निळा रंग येईस्तोवर म्हणजे ३०० च्या आसपास ने, तिले कडकपणा कमी अन् लवचिकपणा जास्त लागते. संत्र्याच्या रसानं पातं काळं पडीन, पडू दे, फक्त वापरून झालं की पूस.

लाकूडच केलं तर घाण्याचं जवसाचं तेल चोळ, ते सुकून लाकडात बसते, शेंगदाण्याचं कधीच सुकत नाही, चिकट राहते. तेलाचं फडकं गोळा करून कोपऱ्यात फेकू नको, आपोआप पेट घेते ते, पसरून वाळव. पण सांध्यात जवस चुकूनही नको, तिथं सुकून गोंद होते. तिथं शिलाई मशीनचं तेल, एक थेंब.

पुठ्ठ्याचं मॉडेल झालं की उघड्या अन् बंद दोन्हीचा फोटो पाठव.

तुझा
काका