वाचकांचे प्रश्न : ‘डूम इटर्नल’मध्ये गोळ्या का पुरत नाहीत आणि मरॉडर का मरत नाही

इड सॉफ्टवेअरचा ‘डूम इटर्नल’ 20 मार्च 2020 ला आला. वेगवान नेमबाजीच्या गेमबद्दल पत्रं आली की त्यात याचं नाव हमखास असतं. कुणी त्यावर जीव टाकतं, कुणी तिसऱ्या लेव्हललाच सोडून देतं. या वेळी सगळे प्रश्न या एकाच गेमवर घेतले आहेत.

प्रश्न (सांगली) : नेम बरा आहे, तरी दर मिनिटाला गोळ्या संपतात. आधीचा 2016 चा ‘डूम’ मी अख्खा सुपर शॉटगनवर काढला होता. इथे ते का जमत नाही?

उत्तर : जमू नये अशीच मांडणी केली आहे. सुरुवातीला शॉटगनची जास्तीत जास्त 16 काडतुसं जवळ ठेवता येतात. सुपर शॉटगन एका बाराला दोन काडतुसं खाते, म्हणजे आठ बार काढले की हात रिकामे. पूर्ण अपग्रेड केल्यावरही हा आकडा 24 च्या पुढे जात नाही. शिवाय साधी शॉटगन आणि सुपर शॉटगन यांचा साठा एकच आहे. हेवी कॅनन आणि चेनगन यांचाही एकच, आणि प्लाझ्मा रायफल व बॅलिस्टा यांचाही एकच. म्हणून ‘बंदूक बदलली की गोळ्या मिळाल्या’ असं दर वेळी होत नाही. साठाच वेगळा असेल अशी बंदूक घ्यावी लागते.

जमिनीवर पडलेल्या गोळ्यांवर विसंबू नका. खरा पुरवठा राक्षसांकडूनच होतो: चेनसॉनं कापलेला गोळ्या देतो, खांद्यावरच्या फ्लेम बेल्चनं पेटवलेला चिलखताचे तुकडे देतो आणि अर्धमेला करून हातानं संपवलेला, म्हणजे ग्लोरी किल केलेला, हेल्थ देतो. चेनसॉच्या इंधनाचे तीन खण असतात आणि त्यातला पहिला खण थोड्या वेळानं आपोआप भरतो. झाँबी किंवा इंपसारख्या किरकोळ राक्षसाला एक खण पुरतो. म्हणजे एक चेनसॉ कायम तुमच्या हाताशी आहे, तो खर्च करायचाच असतो. 2016 च्या गेममध्ये इंधन शोधून गोळा करावं लागे, त्यामुळे बहुतेकांना चेनसॉ जपून ठेवायची सवय लागली. ती सवय इथे घात करते.

दुसरी चूक अशी की मैदानात उतरल्या उतरल्या लोक आधी सगळे झाँबी साफ करतात. बहुतेक मोठ्या लढतींत हे किरकोळ राक्षस पुन्हा पुन्हा येत राहतात. मोठे मेले की लढत संपते. तेव्हा दोन-तीन झाँबी मुद्दाम जिवंत ठेवा, ते तुमचं कोठार आहे. क्रम असा धरा: घोळक्यावर फ्लेम बेल्च, लगेच त्यातच एक ग्रेनेड, मग चिलखत गोळा करत मोठ्याकडे वळायचं आणि गोळ्या निम्म्यावर आल्या की जवळच्या झाँबीला चेनसॉ. शून्यावर येईपर्यंत थांबू नका, कारण ऐन वेळी झाँबी नेमका मैदानाच्या पलीकडच्या टोकाला असतो. आणि पेटवायचं ते मारण्याआधी. मेलेला राक्षस चिलखत देत नाही.

सेंटिनेल क्रिस्टल (क्षमता वाढवणारे स्फटिक) मिळाले की हेल्थ, चिलखत आणि गोळ्या यांपैकी एक निवडायला सांगतात. पहिले दोन तरी गोळ्यांवर लावा.

प्रश्न (पुणे) : मग हा गुण म्हणायचा की दोष? एकाच पद्धतीनं खेळा असं गेमनं का सांगावं?

उत्तर : आमच्या मते या गेमचं सगळ्यात मोठं बळ हेच आहे आणि त्याची मर्यादाही यातूनच आली आहे. गोळ्या कमी आहेत म्हणून आठही बंदुका हातात फिरतात, चिलखत मिळवायचं म्हणून तुम्ही शत्रूच्या अंगावर जाता, आणि दडून बसायला काही कारणच उरत नाही. दर दोन सेकंदांनी नवा निर्णय घ्यावा लागतो. फार थोड्या गेममध्ये हे इतकं घट्ट बसलंय.

पण हाच नियम पुढे जाच होतो. कॅकोडेमन दिसला की तोंडात ग्रेनेड टाकायचा. अरॅक्नोट्रॉन असेल तर आधी पाठीवरची तोफ उडवायची, रेव्हेनंटच्या खांद्यावरच्या आणि मँक्युबसच्या हातावरच्या तोफाही तशाच. ढाल धरलेल्या सैनिकावर प्लाझ्मा. हे जोवर ‘असं केलंत तर सोपं जाईल’ या थाटात असतं तोवर मजा आहे, कारण कॅकोडेमनला तुम्ही बॅलिस्टानंही पाडू शकता. जिथे ‘असंच करा, दुसरं काही चालणार नाही’ असं होतं तिथे कंटाळा सुरू होतो. मूळ गेममध्ये हे क्वचित घडतं. नंतरच्या जोडभागांत ते जास्त आहे, त्याबद्दल खाली लिहिलंय.

बाकी दोष पटकन सांगतो. लढतींच्या मधल्या उड्या आणि भिंतीवर चढण्याचे टप्पे लांबलेत. जांभळ्या चिखलात पाय पडला की उडी आणि डॅश (झटक्यात सरकणं) दोन्ही बंद, म्हणजे जे शिकवलं तेच काढून घ्यायचं. हा प्रकार कुणालाच आवडला असेल असं वाटत नाही. कथा 2016 च्या शेवटाशी नीट जोडलेली नाही. नायक एकदम पृथ्वीभोवती फिरणाऱ्या किल्ल्यात दिसतो आणि तो तिथे कसा पोचला हे कोडेक्सची (गेममधल्या माहितीच्या वहीची) पानं वाचत शोधावं लागतं. ऑनलाइनसाठी फक्त बॅटलमोड आहे: एक स्लेयर (गेमचा नायक) विरुद्ध दोन खेळाडूंचे राक्षस. जुनी डेथमॅच नाही. ऑनलाइन खेळण्यासाठीच गेम घेणार असाल तर घेऊ नका.

प्रश्न (नाशिक) : ‘आर्क कॉम्प्लेक्स’ या लेव्हलच्या शेवटी मरॉडर हा कुऱ्हाड-ढालवाला राक्षस येतो. काहीही मारा, ढालीवर झेलतो. कुठे चुकतंय?

उत्तर : सर्वाधिक पत्रं याच्यावरच आहेत. चुकतंय ते अंतर. मरॉडर तुम्ही किती लांब उभे आहात त्यावर हल्ला ठरवतो. लांब गेलात तर कुऱ्हाडीची पेटती लाट फेकतो, अगदी अंगाशी आलात तर शॉटगन झाडतो. या दोन्ही वेळी तो उघडा पडत नाही. तुम्ही मधल्या अंतरावर राहिलात तरच तो कुऱ्हाड उगारून अंगावर धावतो, त्याचे डोळे हिरवे चमकतात आणि सोबत एक ठळक आवाज येतो. त्या क्षणी बार काढायचा. आधी काढला तर ढाल, उशीर झाला तर कुऱ्हाड.

आता हातांचं काम पाहू. सुपर शॉटगन धरून त्याच्याकडे तोंड ठेवा आणि मागे-बाजूला सरकत राहा. त्याला पाठ दाखवून पळू नका, पळालात की अंतर वाढतं आणि पुन्हा लाट येते. हिरवं दिसलं की सुपर शॉटगनचा बार. तो लटपटतो. लगेच बॅलिस्टावर जाऊन एक बार, परत सुपर शॉटगनवर येऊन एक. एका संधीत तीन बार बसले तर चार-पाच संधींत काम होतं. एकेकच बार काढलात तर लढत लांबते आणि काडतुसं संपतात.

ढालीवर गोळ्या झाडू नका. त्याची शिक्षा म्हणून तो लाल लांडगा सोडतो. लांडगा आलाच तर त्याच्याकडे दुर्लक्ष न करता आधी त्याला टिपा. लांडगा चावत असताना डोळ्यांची चमक हमखास सुटते.

आणखी एक. पुढच्या लेव्हलमध्ये मरॉडर इतर राक्षसांबरोबर येतो. तिथे आधी त्याच्याशी भिडू नका. मैदानभर फिरत बाकीचे मोठे राक्षस कमी करा, एक-दोन झाँबी राखून ठेवा आणि मग निवांत त्याच्याकडे वळा. आवाज बंद करून किंवा टीव्हीच्या बारीक स्पीकरवर खेळत असाल तर हेडफोन लावा. आवाजाच्या इशाऱ्यावर हात लवकर चालतो.

प्रश्न (ठाणे) : व्हिडिओंत लोक एका सेकंदात तीन बंदुका बदलतात. पडद्यावरच्या बंदुकांच्या चाकातून निवडताना माझा खेळ थांबतो. कंट्रोलरवर हे शक्य आहे का?

उत्तर : बार काढल्यावर सुपर शॉटगन भरायला आणि बॅलिस्टा पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो. त्याच क्षणी दुसरी बंदूक काढली की ती वाट पाहावी लागत नाही. वेगवान खेळाचं गुपित एवढंच. त्यासाठी चाक उपयोगाचं नाही, थेट कळ हवी.

कीबोर्डवर 1 ते 8 आकडे असतात, पण 6 च्या पुढे बोट पोचवताना चालणं थांबतं. म्हणून जास्त लागणाऱ्या चार बंदुका बोटांच्या आसपास आणा: सुपर शॉटगन माउसच्या बाजूच्या बटणावर, बॅलिस्टा दुसऱ्या बाजूच्या बटणावर, रॉकेट लाँचर आणि हेवी कॅनन अंगठ्याजवळच्या कळांवर. आठही एकदम बदलू नका. आधी दोनच बदला, त्या हातात बसल्या की पुढच्या. सरावासाठी पूर्ण केलेली जुनी लेव्हल उघडा. सापडलेले चीट कोड तिथे चालू करता येतात, त्यामुळे गोळ्यांची काळजी न करता फक्त अदलाबदल घोटता येते.

कंट्रोलरवर आठ थेट कळा मिळणार नाहीत. चाक उघडलं की वेळ मंदावतो, ती सवलत वापरा, आणि चाकाची कळ नुसती दाबून सोडली की आधीची बंदूक हातात येते. सुपर शॉटगन आणि बॅलिस्टा ही जोडी अशी पाठोपाठ ठेवली की निम्मं काम होतं. निन्टेन्डो स्विचवर गेम सेकंदाला 30 फ्रेमवर चालतो; मरॉडरसारख्या ठिकाणी ते जाणवतं. पर्याय असेल तर 60 फ्रेमवाल्या मशीनवर खेळा.

प्रश्न (नागपूर) : लॅपटॉपमध्ये जीटीएक्स 1650, 4 जीबी. पहिली वीस मिनिटं झकास, मग गेम अडखळतो. कार्ड कमी पडतंय का?

उत्तर : कार्ड पुरेसं आहे, 1650 चं नाव कंपनीच्या किमान यादीतच आहे. आणि इड टेक 7 हे इंजिन मुळात हलकं चालतं, हा या गेमचा मोठा गुण. कार्ड कमी पडत असतं तर पहिल्या मिनिटापासून अडखळलं असतं. वीस मिनिटांनी अडखळतो म्हणजे लॅपटॉप तापून स्वतःचा वेग कमी करतोय. नागपूरच्या उन्हाळ्यात खोलीच चाळिशीला टेकली की पंखा गरम हवाच आत ओढतो.

आधी फ्रेम 60 वर बांधून टाका, ड्रायव्हरच्या सेटिंगमधून. गरज नसताना कार्ड 90-100 फ्रेम काढत बसतं आणि तीच उष्णता साठते. लॅपटॉपची मागची बाजू इंचभर उचला, गादीवर ठेवू नका, जाळीतली धूळ काढून घ्या. मग गेममध्ये ‘टेक्स्चर पूल साइज’ मीडियमवर आणा. हा पर्याय चित्राचा दर्जा फारसा बदलत नाही, व्हिडिओ मेमरी किती अडवायची एवढंच ठरवतो. 4 जीबीच्या कार्डावर तो फार वर ठेवला की मेमरी भरत येते आणि झटके बसू शकतात. किती मेमरी लागतेय ते सेटिंगच्या मेनूतच दिसतं.

लाइट गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर येतो तेव्हाही वेग एकदम पडतो, ते बिघाडाचं लक्षण नाही. गेम स्वतः ठरवलेल्या टप्प्यांवरच सेव्ह होतो, मनाला येईल तिथे सेव्ह करता येत नाही. म्हणून लोडशेडिंगच्या वेळेआधी लढत सुरू करू नका.

प्रश्न (डोंबिवली) : खेळताना दहा मिनिटांत गरगरतं.

उत्तर : मोशन ब्लर पूर्ण बंद करा. फील्ड ऑफ व्ह्यू 90 वरून 105-110 पर्यंत हळूहळू वाढवा. फिल्म ग्रेन आणि क्रोमॅटिक अ‍ॅबरेशनही काढा. पडद्यापासून थोडं मागे सरका, खोलीत दिवा ठेवा. गरगरायला लागल्यावर रेटून खेळू नका, त्यानं सवय होत नाही, त्रास वाढतो.

प्रश्न (सातारा) : मुलगा तेरा वर्षांचा आहे, वर्गातले सगळे खेळतात म्हणतो. द्यावा का?

उत्तर : नाही. युरोपच्या पेगी यादीत हा 18 वर्षांवरील, अमेरिकेत 17 वर्षांवरील गेम आहे. ग्लोरी किलमध्ये डोळे उपटणं, धड फाडणं अगदी जवळून दिसतं, आणि हेल्थ त्यातूनच मिळत असल्यानं ते टाळून खेळता येत नाही. वेगाची आवड असेल तर रक्तपात नसलेला ‘स्प्लॅटून 3’ किंवा ‘रॉकेट लीग’ पाहा.

प्रश्न (न्यू जर्सी) : ‘द एन्शंट गॉड्स’ या जोडभागाचे दोन्ही भाग घ्यावेत का?

उत्तर : मूळ गेमच्या तेराही लेव्हल ‘अल्ट्रा-व्हायलन्स’ या कठीण पातळीवर आरामात झाल्या असतील तर पहिला भाग घ्या. तो 20 ऑक्टोबर 2020 ला आला आणि पहिल्याच मैदानात तुम्हाला सगळं येतं असं धरून चालतो. त्यातला स्पिरिट दुसऱ्या राक्षसाच्या अंगात शिरतो आणि बाहेर पडल्यावर फक्त प्लाझ्मा रायफलच्या मायक्रोवेव्ह बीमनं मरतो. एका जागी खिळून बीम धरायचा, भोवती बाकीचे तुटून पडलेले: वर म्हटलेला जाच तो हाच. मार्च 2021 च्या दुसऱ्या भागात स्टोन इंप आहे, त्याला शॉटगनचा फुल ऑटो जोड लागतो. मात्र त्यात सेंटिनेल हॅमर मिळतो, त्यानं घोळका लुळा पडतो, आणि एकूण तो भाग पहिल्यापेक्षा सोपा जातो. मूळ गेमचं संगीत मिक गॉर्डनचं होतं. जोडभागांचं अँड्र्यू हल्शल्ट आणि डेव्हिड लेव्ही यांचं आहे. चांगलं आहे, पण लढत पेटताना गॉर्डनचं संगीत जसं चढतं तशी धार आम्हाला त्यात जाणवली नाही.

प्रश्न (कोल्हापूर) : वय 46. हात पूर्वीसारखे चालत नाहीत. नाद सोडावा का?

उत्तर : अजिबात नको. इथे हाताच्या चपळाईपेक्षा क्रम लक्षात राहणं जास्त उपयोगी पडतं. ‘हर्ट मी प्लेंटी’ या पातळीवर सुरू करा, पातळी मध्येच कमी-जास्त करता येते, लेव्हल पहिल्यापासून खेळावी लागत नाही. एकाच ठिकाणी वारंवार मेलात तर गेम सेंटिनेल आर्मर (जास्त मजबूत चिलखत) देऊ करतो, तो घ्या. एक्सट्रा लाइफ दिसली की सोडू नका. इतकं करूनही धाप लागली तर मे 2025 मध्ये आलेला ‘डूम : द डार्क एजेस’ बघा. त्यात धावपळ कमी, ढालीवर झेलून परतवणं जास्त, आणि गेमचा वेग व परतवायला मिळणारा वेळ दोन्ही सेटिंगमधून बदलता येतात. मात्र त्याला रे ट्रेसिंगवालं कार्डच लागतं, म्हणून विकत घेण्याआधी आपल्या मशीनमध्ये कोणतं कार्ड आहे ते पाहून घ्या. जीटीएक्स मालिकेवर तो चालू होत नाही.