मिशनरीची पत्नी आणि आई झाल्यावर स्त्रीचे स्वतःचे असे काही उरते का?

आपण मुंबईत परिचारिका आहात, धर्मशास्त्राचे शिक्षण संपवून मिशनकार्यात उतरणाऱ्या तरुणाशी आपला विवाह ठरला आहे, आणि मिशनरीची पत्नी व पुढे त्याच्या मुलांची आई झाल्यावर आपले स्वतःचे असे काही उरते का, नोकरी सोडावी का, असे आपण विचारले आहे. मी एका मराठी पाळकांची, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंची, पत्नी आहे. १९८१ साली लग्न होऊन अहमदनगर जिल्ह्यातून परळला आले. मधली पाच वर्षे जालन्याकडच्या खेड्यांत गेली, ती सोडली तर सगळा संसार मुंबईतच झाला, आणि यजमान निवृत्त होईपर्यंत मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या सभासदांतल्या, लहानथोरांसाठी माझे नाव 'पाळकीणबाई' एवढेच होते.

पत्नी म्हणून पुष्कळ उरते, हे मी मनापासून सांगते. आईपणाबद्दल मात्र मला तितक्या सहजपणे उत्तर देता येत नाही.

गावदेवीच्या सेंट कोलंबा शाळेवरून आपण कधीतरी गेला असाल. त्या शाळेचे मूळ १८३२ सालापर्यंत, मार्गारेट विल्सन यांच्या कामापर्यंत जाते. ज्या डॉ. जॉन विल्सन यांच्या नावाचे कॉलेज चौपाटीसमोर उभे आहे, त्यांच्या त्या पत्नी. ऑगस्ट १८२८ मध्ये स्कॉटलंडात त्यांचे लग्न झाले आणि फेब्रुवारी १८२९ मध्ये ते दोघे मुंबईत उतरले. काही महिने कोकणात हर्णै-बाणकोटकडे राहून दोघांनी मराठीचा अभ्यास केला, आणि मुंबईत स्थिरावताच मार्गारेटबाईंनी मुलींच्या शाळा काढायला घेतल्या. लिहायला शिकलेली मुलगी विधवा होते, अशी समजूत घराघरांत असलेला तो काळ होता. ज्या घरांत परक्या पुरुषाला ओटीच्या पुढे पाऊल टाकता येत नसे, तिथे माजघरापर्यंत जाऊन मुलीच्या आईशी आणि आजीशी तिच्याच भाषेत बोलणे एखाद्या बाईलाच शक्य होते. म्हणून मिशनरीच्या पत्नीचे काम हे पतीच्या कामाला लावलेले ठिगळ होते असे मला कधीच वाटले नाही. ते काम वेगळेच होते आणि ते पुरुषाच्या हातून होण्यासारखेही नव्हते.

या बाई १९ एप्रिल १८३५ रोजी मुंबईतच वारल्या. वय ३९ होते आणि येऊन जेमतेम सहा वर्षे झाली होती. थोरला मुलगा अँड्र्यू १८३१ चा, म्हणजे त्याला आईचा चेहरा कितपत आठवत असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. पुढे तो हिमालय हिंडला आणि त्या प्रवासावर लिहून नावारूपाला आला. मार्गारेटबाईंच्या शाळा चालवण्यासाठी स्कॉटलंडाहून त्यांच्या दोन सख्ख्या बहिणी आल्या. मार्गारेटबाईंचे चरित्र १८३८ मध्ये पतीने प्रसिद्ध केले, आणि आज आपण त्यांना ओळखतो ते मुख्यतः त्या चरित्रामुळेच.

त्या पिढीतल्या आयांची गोष्ट थोड्याफार फरकाने अशीच आहे. अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत आले आणि १८१६ मध्ये इथेच त्यांचा विवाह झाला. मुलांच्या प्रकृतीसाठी १८२५ साली त्यांच्या पत्नी दोन मुलांना घेऊन अमेरिकेला निघाल्या. त्यांतला एक मुलगा प्रवासातच दगावला, आणि पुढच्याच वर्षी मार्चमध्ये इकडे नाशिकच्या बाजूला हॉलसाहेबांना पटकीने गाठले. हॅना ह्यूम १८३९ मध्ये पतीबरोबर मुंबईत आल्या. १८५४ मध्ये मायदेशी परतताना पतीचा जहाजावर मृत्यू झाला आणि मुलांना वाढवण्याचा भार एकट्या हॅनाबाईंवर आला. त्यांचा मुंबईत जन्मलेला मुलगा रॉबर्ट १८७४ मध्ये मिशनरी होऊन पुन्हा याच देशात आला, आणि दुसरा मुलगा एडवर्ड याने भायखळ्याला शाळा उभी केली. ज्या कामाने घरातला कर्ता माणूस नेला, त्याच कामासाठी मुलांना पुन्हा जहाजात बसवताना त्या आईला काय वाटले असेल, हे मी पुष्कळदा मनात आणून पाहिले आहे.

मला एवढ्या मोठ्या परीक्षेतून जावे लागले नाही, पण तिची जात मला ठाऊक आहे. यजमानांची जालन्याकडे बदली झाली तेव्हा मोठी मुलगी सातवी पास झाली होती आणि त्या गावात सातवीपुढे शाळा नव्हती. तिला विक्रोळीला माझ्या बहिणीकडे ठेवले. तिला पहिली पाळी आली ती मावशीच्या घरी, आणि मला ते आठ दिवसांनी पत्रातून कळले. त्या वेळी मी खेड्यातल्या बायकांना एकत्र बसवून नेमक्या याच विषयावर, म्हणजे वयात येणाऱ्या मुलींशी आईने कसे बोलावे यावर, बोलत होते. आमच्यात ज्याला पाचारण म्हणतात, म्हणजे देवाने आपल्या कामासाठी बोलावणे, ते यजमानांना झाले होते आणि मलाही झाले होते, याबद्दल मला आजही शंका नाही. पण मुलांना त्याविषयी कोणी विचारलेले नसते. मुलीने मला कधी बोल लावला नाही, तरी ते पत्र मी अजून जपून ठेवले आहे.

लक्ष्मीबाई टिळकांचे नाव आपण ऐकलेच असेल. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पदरात लहानगा दत्तू असलेल्या लक्ष्मीबाई कितीतरी काळ पतीपासून वेगळ्या राहिल्या आणि १९०० साली, पुरता विचार करून, स्वतः ख्रिस्ती झाल्या. मला त्यांच्याविषयी सर्वांत अधिक आदर वाटतो तो या मधल्या वर्षांसाठी. पतीची श्रद्धा त्यांनी पतीची म्हणून उचलली नाही. पुढे १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा संघ स्थापन केला, म्हणजे घरात येणारा ठरावीक पगार थांबला. अशा वेळी चूल कशी पेटते हे बाईलाच माहीत असते. टिळक १९१९ मध्ये मुंबईत वारले. ख्रिस्ताच्या जीवनावरचे त्यांचे अपुरे राहिलेले काव्य 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले आणि १९३४ पासून त्यांचे आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' प्रसिद्ध होऊ लागले. मार्गारेटबाईंची कथा पतीला सांगावी लागली, लक्ष्मीबाईंनी ती स्वतः सांगितली, आणि त्यात टिळकसुद्धा आपल्याला त्यांच्याच नजरेतून दिसतात.

माझे स्वतःचे काय उरले, तेही सांगते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. आमच्या मंडळीतली निम्मी कुटुंबे गिरणीवर जगणारी होती. पुरुष मंडळी पाळकांकडे येऊन संपाविषयी बोलत, पण घरात धान्य नाही हे बायका मला सांगत, आणि तेसुद्धा उपासना संपल्यावर, जिन्याखाली उभ्या राहून. त्यांच्यापैकी अकरा जणींना घेऊन मी चर्चच्या मागच्या खोलीत परकर शिवण्याचे काम सुरू केले. दोन शिवणयंत्रे मागून आणली, कापड दादरच्या व्यापाऱ्याकडून उधारीवर घेतले, आणि हिशेबाची वही मी ठेवली. वर्षअखेरच्या अहवालात 'पाळकसाहेबांच्या प्रयत्नाने' असे छापले गेले. यजमानांनी सभेत उभे राहून ती ओळ दुरुस्त करायला लावली. असा पती मिळाला म्हणून मी सुदैवी ठरले, परंतु आपण ही गोष्ट सुदैवावर सोडू नये, आणि होणाऱ्या पतीशी याविषयी लग्नाआधीच बोलून घ्यावे.

नोकरी सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बहुतेक मंडळ्यांत पाळकाचे मानधन एकट्याने घर चालवण्याइतके नसते, आणि परिचारिकेला कोणत्याही गावात काम मिळू शकते. फार थोड्या पाळकीणबाईंच्या हाती असे काही असते. रविवारी आपल्याला रुग्णालयात कामावर जायचे असेल तर उपासनेला आपण दिसणार नाही आणि त्यावर कुजबुज होईल. पहिली दोन वर्षे ती सोसावी लागते, मग लोकच रक्तदाब तपासून घ्यायला घरी येऊ लागतात. महिला मंडळाचे अध्यक्षपद आपल्याला न विचारता देतील, तेव्हा एक वर्ष थांबण्याची विनंती करावी. कार्यकारी समितीशी पहिली बोलणी होतील त्या वेळी आपणही पतीशेजारी बसावे आणि दोन गोष्टी लेखी मागाव्यात: मुले शाळेत असतील तोवर बदली केवळ मे महिन्यात व्हावी, आणि जिथे बदली होईल तिथे दहावीपर्यंतची शाळा असावी.