‘उत्तर’ आधी की नंतर?

अनुवाद करणाऱ्या एका मैत्रिणीचा प्रश्न: ‘पोस्टमॉडर्न विचाराच्या पलीकडचं सेल्फ-हेल्प’ यासाठी ‘उत्तर-आधुनिकोत्तर स्वमदत’ चालेल का? (पोस्टमॉडर्न म्हणजे आधुनिकतेच्या ठाम सत्यांवर शंका घेणारा विचार; सेल्फ-हेल्प म्हणजे स्वतःला सुधारायला शिकवणारी पुस्तकं.)

चालेल, पण वाचक पळेल.

पुण्यात ‘उत्तर पेशवाई’ म्हटलं की दुसरा बाजीराव आठवतो. म्हणजे पेशवाईचाच शेवटचा भाग, १८१८ नंतरचा इंग्रजी अंमल नव्हे. उत्तररात्र हीसुद्धा रात्रच. ‘उत्तर’ शब्दाच्या शेवटी लागला की मात्र अर्थ पालटून ‘त्यानंतरचा’ असा होतो: स्वातंत्र्योत्तर, मरणोत्तर, पदव्युत्तर. एम.ए.ला कोणी ‘उत्तरपदवी’ म्हणत नाही. या हिशेबाने पोस्टमॉडर्नला ‘आधुनिकोत्तर’च हवं होतं. ‘उत्तर-आधुनिक’ रूढ झालाय, आता भांडून उपयोग नाही. गंमत अशी की अँथनी गिडन्ससारखे समाजशास्त्रज्ञ आपण अजून आधुनिकतेच्याच पुढच्या टप्प्यात आहोत असं मानतात. त्यांच्या म्हणण्याला हा चुकीचा शब्द चपखल बसतो!

आता ‘स्वमदत’. संस्कृत-अरबी जोडीला माझी हरकत नाही, पण मराठीत मदत दुसऱ्याने करायची असते. ‘स्वयंसहायता’ म्हणावं तर बचत गट डोळ्यांपुढे येतो. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत विचारायचं तर ‘व्यक्तिमत्त्व विकास’ म्हणा, लगेच कळेल. फक्त त्याला मुलाखतीच्या टायचा आणि उन्हाळी शिबिराचा वास येतो. ‘वैयक्तिक वाढ’ तर सरळ पगारवाढच वाटते.

मला ‘जडणघडण’ आवडतो, तो ‘घडणे’ या क्रियापदामुळे. अपघात घडतो, मडकं घडतं, माणूसही घडतो. सॅम्युअल स्माइल्सच्या १८५९च्या ‘सेल्फ-हेल्प’ या पुस्तकातला माणूस कष्टाने स्वतःला घडवतो. पोस्टमॉडर्न विचारवंत म्हणतात, ‘मी’ हा भाषेने, सत्तेने, समाजाने घडलेला. तो घडवणार काय, कपाळ? गिडन्सने १९९१मध्ये स्वत्व हा आपणच सतत तपासत, दुरुस्त करत नेण्याचा प्रकल्प असल्याचं मांडलं. आपल्या ‘घडणे’त हे सगळं मावतं. ‘तो कोकणात घडला’ म्हटलं की कोकणाने त्याला घडवलं का त्याने स्वतःला, हे क्रियापद सांगतच नाही. तुला हवी ती संदिग्धता फुकट मिळते.

म्हणून माझं मत: ‘उत्तर-आधुनिकतेपलीकडे: स्वतःची जडणघडण’. ‘पलीकडे’ला हात लावू नकोस, ‘उत्तराधुनिकातीत’ वगैरे केलंस तर पुढचा प्रश्न मला विचारायचा नाही.